फोटो-व्हिडिओ एडिटिंगसाठी स्वस्तातला प्रोसेसर: १२४००, १२४००एफ की रायझन? (बजेट ४० हजार)

शटर_कराड

नमस्कार मंडळी. कराडला माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं, अधूनमधून एखाद्या शाळेचं गॅदरिंग. फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये, अल्बमची पानं फोटोशॉपमध्ये आणि व्हिडिओ प्रीमिअरमध्ये करतो.

सध्याचं मशीन २०१७चं आहे. आय५-७४००, १६ जीबी डीडीआर४ रॅम (आठच्या दोन पट्ट्या), नंतर टाकलेलं जीटीएक्स १६५० चार जीबीवालं, २५६ची एसएसडी आणि दोन हार्डडिस्क. माझा कॅमेरा सोनी ए७-३. त्याच्या फोरके क्लिपांवर हे मशीन कुरकुरत का होईना, चालत होतं. यंदा तुळशीच्या लग्नानंतर तारखा इतक्या आल्या की सोबत एक कॅमेरामन घेतला. पोरगा चांगला आहे, हात स्थिर आहे, कॅमेरा ए७-४. पण त्याच्या क्लिपा टाइमलाइनवर टाकल्या की मशीन आडवं पडतं. स्पेसबार दाबला की एक-दोन सेकंद चित्र चालतं, मग गोठतं, आवाज मात्र पुढं पळत राहतो. अंतरपाट खाली येतो तेव्हा नवरी नेमकी कुठल्या फ्रेमला वर बघते तिथं मला कट पाहिजे असतो. इथं अंतरपाट वर दिसतो आणि त्यानंतर थेट गळ्यात हार. मधलं सगळं गायब.

शिवाय विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ७४००वर विंडोज ११ रीतसर बसत नाही. म्हणजे बदलायचं तर आहेच.

पुण्यातल्या एका दुकानदारानं कोटेशन दिलंय: आय५-१२४००एफ, एच६१०चा बोर्ड, १६ जीबीची नवी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. म्हणाला, कार्ड आहेच तुमच्याकडं, मग एफच घ्या, दोन-अडीच हजार वाचतील. दुसऱ्या एकानं रायझन ७ ५७००एक्स सुचवलाय, आठ कोअर आहेत म्हणून. बजेट ४० हजार. कॅबिनेट, एसएमपीएस (४५० वॅट) आणि कार्ड जुनंच ठेवायचंय. काय घेऊ?

हेडशॉट_९६

भावा, १२४००एफ डोळे झाकून घे. माझ्याकडं दोन वर्षं आहे, एकदम मक्खन. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स कार्ड असताना झोपूनच असतं, त्याला कशाला पैसे घालतोस? वाचलेले दोन हजार मोठ्या एसएसडीत टाक.

राजारामपुरी_कट

शटरभाऊ, कोटेशन जरा बाजूला ठेवा. हेडशॉट गेमिंगसाठी बोलतोय आणि गेमिंगसाठी तो बरोबरच बोलतोय. तुमचं काम वेगळं आहे.

मी कोल्हापुरात घरूनच एडिटिंग करते. सांगली, जयसिंगपूर, निपाणीकडचे फोटोग्राफर डिस्क पाठवतात, मी कापून परत देते. त्यामुळं कुठला कॅमेरा काय ओकतो ते रोज बघायला मिळतं. माझ्याकडं कुणी "प्रोसेसर कुठला घेऊ" म्हणून आला की मी आधी त्याची क्लिप मागते. गिगाहर्ट्झ आणि कोअर नंतर.

तुमच्या ए७-३मधून फोरके निघतं ते एच.२६४, ८ बिट, ४:२:०. हे प्रकरण इतकं जुनं आणि सरळ आहे की कुठलंही कार्ड, ग्राफिक्स असलेला कुठलाही प्रोसेसर ते हार्डवेअरवर उलगडतो (डिकोड करतो). ए७-४मध्ये एक्सएव्हीसी एचएस नावाचा फॉरमॅट आहे, तो एच.२६५, १० बिट, आणि तुमच्या पोरानं बहुतेक ४:२:२ लावून ठेवलं असणार. इथंच सगळी मेख आहे. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती ४:२:०च्या दुप्पट. चार पिक्सेलमागं रंगाचा एक नमुना घ्यायच्या ऐवजी दोन. ऐकायला छान, पण तुमचं जीटीएक्स १६५० एच.२६५मधलं ४:२:० उलगडतं, १० बिटसुद्धा. ४:२:२ दिसलं की हात वर करतं. नुसतं १६५०च नाही, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या सगळ्या कार्डांची हीच गत. मग ते काम पडतं प्रोसेसरच्या कोअरवर, आणि तुमच्या ७४००ला कोअर चार, थ्रेड पण चारच. तो बिचारा दोन सेकंद चालतो हेच नशीब.

आता इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स असतं त्यात व्हिडिओ उलगडायला एक स्वतंत्र भाग असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. ११व्या पिढीपासून हा भाग एच.२६५चं १० बिट ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतो. म्हणजे तुमच्या कामाची जी गोष्ट आहे ती नेमकी त्या "झोपलेल्या" ग्राफिक्समध्ये आहे. एफ म्हणजे ते ग्राफिक्स बंद केलेली चिप. दुकानदार तुम्हाला अडीच हजार वाचवून देतोय आणि ज्यासाठी मशीन बदलायचं तीच गोष्ट काढून घेतोय. त्याचा दोष नाही म्हणा, त्याच्याकडं दिवसभर गेमिंगवालीच पोरं येतात.

म्हणून १२४०० घ्या, साधा, एफ नसलेला. ६ कोअर, १२ थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. खोक्यात पंखा येतो. ट्रेवाला (खोक्याशिवायचा सुटा) देत असतील तर पंखा वेगळा घ्यावा लागेल, विचारून घ्या.

थोडे पैसे जास्त असतील आणि मिळाला, तर १२५०० किंवा १३५०० बघा. १२४००मध्ये यूएचडी ७३० आहे, त्यात व्हिडिओचं इंजिन एक. १२५०० आणि १३५००मध्ये यूएचडी ७७०, त्यात दोन. दोन कॅमेरे एकावर एक ठेवून मल्टिकॅम कापणाऱ्याला फरक कळतो. तुमचा एक कॅमेरा ए७-३ आहे, त्याचं ओझं १६५० उचलेल. तुम्हाला १२४०० पुरावा.

एक काम करा. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. त्यात पोराची एक क्लिप टाका आणि काय दिसतं ते इथं लिहा. मी अंदाजानं बोलतेय, क्लिप बघितल्याशिवाय पैसे घालवू नका.

कोअर_तितके_थोर

ताईंचं क्विक सिंकबद्दलचं बरोबर आहे, पण सगळा संसार एका कोडेकवर (व्हिडिओच्या फॉरमॅटवर) कशाला मांडायचा? शटरभाऊंचं निम्मं काम फोटोचं आहे. ५७००एक्सला ८ कोअर, १६ थ्रेड आहेत, ६५ वॅटमध्ये. लाइटरूममध्ये हजार-दीड हजार रॉ फाइली इम्पोर्ट करून प्रिव्ह्यू बनवायला लावा, कोअर कशाला असतात ते कळेल. रायझनच्या एएम४ बोर्डालाही डीडीआर४च लागते, त्यामुळं जुनी रॅम तिथंही चालेल. आणि ४:२:२साठी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला, बनवायच्या. रात्री मीडिया एन्कोडरला लावून झोपायचं, सकाळी लोण्यासारखं चालतं. मी गेली कित्येक लग्नं अशीच कापली आहेत.

फक्त ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही आणि चिपमध्ये ग्राफिक्स नाही, हे हिशेबात धरा. कार्ड गेलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

शटर_कराड

ताई, धन्यवाद. मीडियाइन्फोत टाकून बघितलं. फॉरमॅट एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५च), क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:२, बिट डेप्थ १०, फ्रेम रेट ५०, बिट रेट २०० मेगाबिटच्या आसपास. म्हणजे तुम्ही म्हणाला तसंच निघालं. पोराला विचारलं तर म्हणाला, "दादा, यूट्यूबवर सांगितलंय सगळ्यात वरचं सेटिंग लावा."

दोन शंका. एक, दुकानदार आता म्हणतोय की अडचण हार्डडिस्कची आहे, एसएसडी टाकली की चालेल. दुसरं, कोअरभाऊ म्हणतात तशा प्रॉक्सी बनवल्या तर मग प्रोसेसर बदलायचीच काय गरज?

राजारामपुरी_कट

डिस्कचं गणित सोपं आहे, तुम्हीच करून बघा. २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. साधी हार्डडिस्क सलग वाचताना याच्या कितीतरी पट वेगानं वाचते. एक क्लिप चालताना डिस्क अडत नाही. तीन-चार कॅमेरे एकदम चालवले, त्याच डिस्कवर कॅश ठेवली, त्याच वेळी एक्स्पोर्टही लावला, तर डिस्क अडेल. एसएसडी घ्याच, कॅशसाठी आणि लाइटरूमच्या कॅटलॉगसाठी. पण या दुखण्यावर ते औषध नव्हे.

ताळा हवा असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, जीपीयूवर क्लिक करा. तिथं व्हिडिओ डिकोड नावाचा आलेख असतो. तुमची ए७-३ची क्लिप चालवा, तो आलेख वर उठेल. मग पोराची क्लिप चालवा. डिकोड जमिनीवर राहील आणि सीपीयू शंभरला टेकेल. दुकानदाराला फोटो काढून पाठवा हवं तर.

प्रॉक्सीबद्दल: कोअरभाऊंचा मार्ग खराच आहे, मीही वापरते. पण प्रॉक्सी आयत्या मिळत नाहीत, त्या बनवताना तीच ४:२:२ क्लिप एकदा पूर्ण उलगडावी लागते. ७४००वर एका लग्नाच्या प्रॉक्सी म्हणजे रात्र पुरेल का, शंका आहे. आणि सीझनमध्ये रविवारचं लग्न, सोमवारी पार्टीला टीझर पाहिजे, मंगळवारी दुसरी हळद, असं असतं. त्यात रात्रभर प्रॉक्सी बनवायला वेळ कुठला? ज्याच्याकडं महिन्याला एखादंच मोठं काम येतं त्यानं खुशाल प्रॉक्सीवर भागवावं.

खरा फुकटचा उपाय वेगळाच आहे, आणि तो पोराच्या कॅमेऱ्यात आहे. एक्सएव्हीसी एचएसच ठेवा, फक्त रेकॉर्ड सेटिंगमध्ये ४:२:२ १० बिटच्या जागी ४:२:० १० बिट निवडायला सांगा. १० बिट राहिलं म्हणजे स्टेजवरच्या एलईडीच्या उजेडात आकाशी-जांभळ्या रंगाचे पट्टे पडत नाहीत, एस-लॉग (सोनीचं फिकट रंगांचं प्रोफाइल) लावलं तरी रंग ताणता येतात. ४:२:० १० बिट तुमचं १६५० आजच्या आजसुद्धा उलगडेल. या मशीनवरही तुम्हाला फरक दिसेल. पार्टीच्या हातात शेवटी पेनड्राइव्ह जातो, त्यात एच.२६४ ८ बिट ४:२:०च असतं ना? हिरव्या पडद्यासमोर शूट करून मागचं कापायचं असेल तर ४:२:२ची किंमत आहे. पैठणीची जर टीव्हीवर बघताना कुणाच्या मावशीला ४:२:२ कळत नाही.

पण त्याला "एचएस नको, एस लाव" असं सांगू नका. एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४. त्यात १० बिट ४:२:२ लावलं तर १२४००चं क्विक सिंकही ते उचलत नाही. नाव साधं दिसतं म्हणून लोक तिकडं जातात आणि आगीतून फुफाट्यात पडतात.

आता तुम्ही म्हणाल, सेटिंगनंच काम होतंय तर प्रोसेसर कशाला. एक तर विंडोज ११. दुसरं, उद्या हा पोरगा नसेल, दुसरा येईल, त्याचा कॅनन असेल, तो लॉगमध्ये एच.२६५ ४:२:२ भरून आणेल. दर वेळी पाहुण्या कॅमेरामनचं सेटिंग आपण ठरवू शकत नाही. माझ्याकडं डिस्क येते तेव्हा लग्न लागून गेलेलं असतं.

लेन्स_आणि_लोणचं

फोटोच्या बाजूनं थोडं. मी फक्त फोटो करते, व्हिडिओतलं मला ओ की ठो कळत नाही.

लाइटरूम क्लासिकमध्ये इम्पोर्ट आणि प्रिव्ह्यू यांत प्रोसेसरला बरंच काम असतं. एक्स्पोर्टमध्ये २०२२पासून ग्राफिक्स कार्डही मदत करतं. पण एआय डीनॉइज, जे २०२३मध्ये आलं, ते जवळजवळ पूर्ण कार्डावर चालतं. १६५०मध्ये आरटीएक्स कार्डांसारखे टेन्सर कोअर नाहीत, त्यामुळं एका फोटोला वेळ मिनिटांत मोजावा लागतो. तुम्ही १२४०० घ्या, ५७००एक्स घ्या, की आणखी काही, डीनॉइजचा वेग तोच राहणार. संध्याकाळच्या रिसेप्शनचे हाय आयएसओ फोटो भरपूर असतील तर पुढच्या वर्षीचे पैसे कार्डासाठी ठेवा. तोवर अल्बमला जाणारे निवडक फोटोच डीनॉइज करायचे. अख्खं फोल्डर सिलेक्ट करून एंटर दाबायचं नाही.

आणि ए७-४चे फोटो ३३ मेगापिक्सेलचे, तुमच्या ए७-३चे २४चे. त्या पोराकडून फोटोही काढून घेत असाल तर फाइली फुगतात. निवड करताना स्मार्ट प्रिव्ह्यू बनवा, कमी ताकदीच्या मशीनवरही पटापट पुढं जाता येतं.

हेडशॉट_९६

ताई, पटलं. मला एफमुळं असं काही होतं हे माहीतच नव्हतं, गेममध्ये कधी फरक पडला नाही.

पण मग थेट सेकंडहँड १३७००के का नाही? लॅमिंग्टन रोडला बघितले मी, बरे भावात मिळतात. ग्राफिक्सपण आहे त्यात, यूएचडी ७७०.

कोअर_तितके_थोर

सेकंडहँड १३७००के आणि १३९००केच्या वाटेला जाऊ नका. १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या चिप्समध्ये जास्त व्होल्टेजमुळं चिप हळूहळू खराब व्हायचं प्रकरण २०२४मध्ये गाजलं. इंटेलनं त्यावर बायोसमधून मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच खराब झालेली चिप दुरुस्तीनं बरी होत नाही, आणि आधीच्या मालकानं बायोस अपडेट केला होता की नाही हे चिपवर लिहिलेलं नसतं. शिवाय ती चिप ४५० वॅटच्या जुन्या एसएमपीएसवर लावणार का? १२व्या पिढीला हा त्रास नव्हता. इथं मी ताईंच्या बाजूनं.

उंबरठा_टोरांटो

बजेट थोडं ताणता येत असेल तर मॅक मिनी एम४चा विचार करा. भारतात आला तेव्हा ५९,९०० होता, १६ जीबी मेमरीसकट. एच.२६५ ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतो, वीज कमी खातो, आवाज शून्य. अ‍ॅडोबीचं वर्गणीवालं खातं मॅकवरही तेच चालतं. मी इथं त्याच्यावरच कापतो.

राजारामपुरी_कट

मशीन उत्तमच आहे, वाद नाही. पण त्याची आतली डिस्क २५६ जीबी, आणि शटरभाऊंचा पोरगा तासाला ९० जीबी भरतो. २५ मेगाबाइट गुणिले ३६०० सेकंद. म्हणजे बाहेरची एसएसडी आलीच. मेमरी नंतर वाढवता येत नाही. १६५० पडून राहणार, जुनी रॅम पडून राहणार. हे सगळं जुनं सामान विकून आणि वर वीस हजार घालून होतं, तर चाळीसचे साठ-सत्तर झाले. आणि मशीन बिघडलं तर कराडात त्याला हात लावणारा शोधावा लागेल. माझ्यासारख्या काही जणी अजून एडियस या एडिटिंगच्या प्रोग्रामवर काम करतात, ते तर मॅकवर चालतच नाही. शटरभाऊ प्रीमिअरवाले आहेत म्हणून त्यांना ती अडचण नाही.

जाता जाता, एडियसवाले कुणी वाचत असतील तर: एडियस पूर्वीपासून क्विक सिंकवर टेकलेलं आहे. एफवाला प्रोसेसर तुमच्यासाठी तर अजिबातच नाही.

शटर_कराड

मंडळी, पोराला ४:२:० लावायला सांगितलं. रविवारच्या साखरपुड्याच्या क्लिपा जुन्या मशीनवरच चालवून बघितल्या, एक लेयर तरी आता सरळ चालतो. डिकोडचा आलेखही वर उठताना दिसला. वर टायटल आणि कलर टाकला की परत धापा टाकतो, पण कट तरी मारता येतोय.

तर १२४०० साधा घ्यायचं ठरवलंय. ५७००एक्सचा मोह होता, पण कार्ड गेल्यावर स्क्रीन काळी, हे ऐकून नको वाटलं. ऐन वैशाखात कार्ड गेलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

आता बोर्ड आणि रॅम. दुकानदार एच६१०च देतोय, स्वस्त आहे. रॅमचे भाव ऐकून मात्र डोळे पांढरे झाले. १६ जीबीसाठी जे सांगतोय त्यात मागं ३२ आली असती.

कोअर_तितके_थोर

२०२५च्या शेवटापासून रॅम सगळीकडंच महागलीय. एआयच्या डेटासेंटरांना मेमरी जातेय, आपल्यापर्यंत उरलंसुरलं. तुमच्याकडं १६ जीबी डीडीआर४ आहे हीच सध्या लॉटरी समजा. डीडीआर५चा बोर्ड घेऊ नका. १२४०० दोन्हींवर चालतो, पण बोर्ड एकाच प्रकारचा असतो. बिलावर "डीडीआर४" लिहून घ्या. बोर्डांच्या नावात एखाद्याच अक्षराचा फरक असतो.

राजारामपुरी_कट

कोअरभाऊंशी सहमत, कोटेशनमधली नवी रॅम काढूनच टाका. जुन्या दोन पट्ट्या नव्या बोर्डावर लावा. त्या २४०० मेगाहर्ट्झच्या असणार, चालू द्या, एडिटिंगला त्यानं आभाळ कोसळत नाही.

पण म्हणूनच एच६१० नको. त्यात रॅमचे स्लॉट दोनच असतात. दोन्ही तुमच्या जुन्या पट्ट्यांनी भरले की उद्या ३२ करताना त्या काढून फेकाव्या लागतील. बी६६० किंवा बी७६०, डीडीआर४, चार स्लॉटवाला घ्या. चार स्लॉट आहेत हे खोक्यावरच्या चित्रात मोजा, कारण बी७६०मध्येही दोन स्लॉटवाले छोटे बोर्ड येतात. भाव उतरले की आणखी आठच्या दोन टाकता येतील. नव्या पट्ट्या ३२००च्या घेतल्या तरी सगळ्या मिळून २४००वरच चालतील, तेवढं माहीत असू द्या. तोवर १६ जीबीत प्रीमिअर आणि लाइटरूम एकाच वेळी उघडायचं नाही, आणि क्रोमचे वीस टॅबही नाहीत.

नव्या रॅमचे वाचलेले पैसे बोर्ड आणि १ टीबी एनव्हीएमईमध्ये घाला. ५०० जीबी म्हणजे दोन लग्नं.

वऱ्हाडी_व्ह्यूफाइंडर

अकोल्याहून एक भर. मे महिन्यात आमच्याकडं ४४-४५ अंश. १२४०० कागदावर ६५ वॅटचा आहे, पण टर्बोत ११७ वॅटपर्यंत जातो. खोक्यातला पंखा चालतो, मात्र २०१७चं कॅबिनेट असेल तर समोर एक पंखा जास्तीचा लावाच, आणि आधी ब्लोअरनं धूळ काढा. नाही तर लंबा एक्स्पोर्ट लागला का प्रोसेसर आपोआप स्पीड उतरवते, आणि आपण बसतो बोंबलत की नवीन मशीन बी हळूच हाय.

शटर_कराड

ठरलं. १२४००, बी७६० डीडीआर४ चार स्लॉट, १ टीबी एनव्हीएमई, पुढचा पंखा. दुकानदार कुरकुरला, पण देतोय, आणि चाळीसच्या आत बसतंय. कार्ड आणि आतलं ग्राफिक्स दोन्ही एकदम चालतील ना? आणि बदलताना काय सांभाळू?

राजारामपुरी_कट

चालतील, पण आपोआप नाही. बऱ्याच बोर्डांवर कार्ड लावलं की आतलं ग्राफिक्स बंद होतं. बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. कुठं "इंटर्नल ग्राफिक्स" लिहिलेलं असतं, कुठं "आयजीपीयू मल्टि-मॉनिटर". एनेबल करा, सेव्ह करून बाहेर या. मॉनिटरची वायर १६५०लाच राहू द्या. विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. मग टास्क मॅनेजरमध्ये दोन जीपीयू दिसले पाहिजेत. हे दुकानातच बघा. एकच दिसला तर दुकानदाराला तिथंच सांगा, मशीन घरी नेऊ नका.

प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेस, मग मीडिया. तिथं हार्डवेअरनं डिकोड करायचा खोका आहे, त्यात इंटेल आणि एनव्हिडिया दोन्हींवर टिक ठेवा आणि प्रीमिअर बंद करून परत उघडा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये मर्क्युरी प्लेबॅक कूडावरच (म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर) राहू द्या, म्हणजे रंग आणि इफेक्ट १६५० बघेल, आणि ४:२:२ उलगडणं इंटेलकडं जाईल. मग पोराची जुनी २०० मेगाबिटवाली क्लिप मुद्दाम लावून बघा.

जुनी एसएसडी विंडोज १०सकट तशीच नव्या बोर्डाला लावून चालू करू नका. नव्या एनव्हीएमईवर विंडोज ११ ताजं टाका. त्याच्या आधी जुन्या मशीनवर अ‍ॅडोबीतून साइन आउट करा, लाइटरूमच्या कॅटलॉगचा बॅकअप घ्या, आणि ती कॅटलॉगची फाइल हार्डडिस्कवर वेगळी कॉपी करून ठेवा. नव्या मशीनवर हार्डडिस्कांना तीच अक्षरं द्या, डी होती तिला डी आणि ई होती तिला ई. नाही तर लाइटरूम एकेका फोल्डरवर प्रश्नचिन्ह दाखवत बसेल आणि तुम्हाला प्रत्येक लग्न हातानं शोधून द्यावं लागेल.